कुमुदिनीचा अ‍ॅम्प्लिफायर आणि खंडेनवमीचं कुंकू

आमच्या मंडळाच्या दिवाळी स्मरणिकेत ‘कर्तबगार भगिनी’ असं एक पान असतं. यंदा त्या पानासाठी कुमुदिनी धुमाळ हिच्यावर दीडशे शब्द लिहून द्या, असा निरोप मला आला. सोबत छापायचा फोटोही आला. फोटो मी दोनदा मोठा करून पाहिला. मधोमध छोट्या फ्रिजएवढं करडं यंत्र, त्याला झेंडूची माळ. बाजूला तलवार धरून उभे असलेले कुमुदिनीचे दीर जयसिंहराव, मागे त्यांचे पाच-सहा भाऊबंद, आणि यंत्राच्या उघड्या तोंडाशी ताम्हन घेऊन वाकलेली मी. कुमुदिनी फोटोत नाहीच. कर्तबगार भगिनीच्या पानावर सगळे आहेत, भगिनी तेवढी नाही, आणि हे एकाच्याही ध्यानात आलेलं नाही. मला त्या फोटोची शिसारी येते, माझ्यासकट. दीडशे शब्दांत ती मावायची नाही, म्हणून हे वेगळं लिहिते आहे.

कुमुदिनीचं मोटर वाइंडिंगचं दुकान ग्वाल्हेरच्या कंपू भागात आहे, दवाखान्यांच्या मागच्या गल्लीत. खाली दुकान, मागे तिच्या दोन खोल्या, वरच्या मजल्यावर जयसिंहरावांचं बिऱ्हाड. दुकान मूळ तिच्या नवऱ्याचं. तो गेला तेव्हा कुमुद एकेचाळीस वर्षांची होती. धुमाळांच्या घरात कोणे एके काळी फौजेतली माणसं होती, त्यामुळे घरच्या सुनेने जळक्या मोटरी उघडून बसणं जयसिंहरावांना कमीपणाचं वाटलं. दुकान भाड्याने द्यावं, असा त्यांचा सल्ला. भाडेकरूही त्यांनी बघून ठेवला होता, अर्थात स्वतःच्या सासरचा. कुमुदने सल्ला ऐकून घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडलं.

ती भांडत नाही. तिचा राग एका शब्दात असतो, ‘छी’. कोणी तारेवरचा वॉर्निश नीट न खरवडता सांधा दिलेला दिसला की ‘छी’. कोणी फ्यूजच्या जागी खिळा ठोकलेला असला की जरा लांब ‘छीऽ’. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी तिला फरक पडत नाही. तिने नव्या तारेने बांधलेली मोटर परत येत नाही, हे मात्र कंपूपासून सिटी सेंटरपर्यंत सगळे मेकॅनिक सांगतील.

रेडिओचा नाद तिला दुकानातच लागला. एक हौशी रेडिओवाला, म्हणजे परवाना घेऊन घरच्या सेटवरून दूरच्या लोकांशी हवेतून बोलणारा, ट्रान्सफॉर्मर जळलेला सेट ठेवून गेला. कुमुदने ट्रान्सफॉर्मर बांधला, चालतो का बघायला सेट सुरू केला, आणि त्यातून एका बाईचा आवाज आला. खणखणीत मराठी, ग्वाल्हेरच्या मराठीसारखी हिंदीत बुडवलेली नव्हे. त्या इंदुताई. मिरजेजवळ राहायच्या, जन्मापासून दृष्टी नव्हती, आणि त्यांच्या स्वतःच्या शब्दांत, त्यांचं अर्धं आयुष्य हवेत गेलं होतं. तो हौशी मनुष्य कुमुदला आपल्या सेटवर बोलू द्यायला लागला. मग इंदुताईंनी हुकूम सोडला की परीक्षा द्यायची आणि स्वतःचा परवाना घ्यायचा. मोर्सची भाषा त्यांनी तिला शिकवली. तेव्हा मी शाळेत विज्ञान शिकवत होते आणि शाळेच्या क्लबासाठी तीच परीक्षा द्यायला गेले होते. आमची ओळख तिथली. दोघी पास झालो. माझा परवाना कपाटात गेला, तिचा भिंतीवर लागला.

तेव्हापासून दर मंगळवारी सकाळी साडेसातला इंदुताई आणि कुमुद यांचा मोर्सचा तास. अक्षरं रोमन, भाषा मराठी. सतरा वर्षं. या सतरा वर्षांत त्या एकदाही भेटल्या नाहीत. कुमुद दोनदा जायला निघाली होती. इंदुताईंनी तिला स्पष्ट कळवलं, ‘येऊ नकोस. माझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस माझा हात धरून हळू आवाजात बोलतो. हवेत मला कोणी आंधळी म्हणत नाही. आपण तिथेच भेटू.’ कुमुदने ते मानलं. मला त्याचं फार कौतुक वाटायचं, आणि जयसिंहरावांना हसू यायचं. ‘वहिनीसाहेब, फोन कशाला निघालेत मग?’ हा त्यांचा ठरलेला विनोद.

मग इंदुताईंचे कान गेले. पूर्ण नाही. माणसाचं बोलणं त्यांना चिखलासारखं ऐकू यायला लागलं, एक शब्द दुसऱ्यापासून सुटेना. मोर्सचा एकसुरी ‘टी-टा’ मात्र अजून कळायचा, तो जोरदार असला तर. त्याच सुमारास त्यांना वृद्धाश्रमात ठेवलं. तिथे खिडकीबाहेर जेमतेम एक तार बांधता आली, आणि आश्रमभर स्वस्तातले दिवे, चार्जर, इन्व्हर्टर. त्यांचा सगळा किरकिराट रेडिओत उतरतो. त्या कचऱ्यात कुमुदच्या चाळीस वॉटच्या सेटचा आवाज बुडून जायचा. उलट बाजूने अडचण नव्हती. इंदुताईंचा सेट शंभर वॉटचा, कुमुदच्या गच्चीवरची तार उंच, त्यामुळे त्या काय पाठवतात ते तिला अक्षर न् अक्षर ऐकू यायचं.

म्हणजे दर मंगळवारी व्हायचं असं. इंदुताई कुमुदची परवान्यावरची खूण पाठवून हाक मारायच्या. कुमुद उत्तर द्यायची. इंदुताई पुन्हा हाक मारायच्या. कुमुद पुन्हा उत्तर द्यायची. वीस मिनिटं हे चालायचं. मी एकदा तिथे बसले होते. ती ऐकत होती, लिहून घेत होती, बटण दाबत होती, आणि तिकडे काही पोचत नव्हतं. मला ते बघवेना, मी चहाच्या निमित्ताने उठले.

फोन करून पाहिला नाही असं नाही. बोलणं कळत नाही म्हणून कुमुदने फोनवरून मोर्स वाजवून पाहिला. आजकालचे फोन असा एकसुरी आवाज गोंगाट समजून कापून टाकतात. आश्रमातल्या ऑफिसात निरोप दिला. तिथली बाई म्हणाली, ‘सांगितलं हो, आजींनी मान हलवली.’ पुढच्या मंगळवारी इंदुताईंची हाक पुन्हा तशीच, ‘कुमुद, आहेस का?’

आणि एका मंगळवारी त्यांनी पाठवलं, ‘दसऱ्यापर्यंत वाट बघते. मग सेट देऊन टाकते. मुक्या पेटीपुढे बसून काय करू?’

दसरा साडेआठ महिने लांब होता. कुमुदने कागद घडी करून ठेवला आणि म्हणाली, ‘आवाज मोठा करावा लागेल.’

आता हे मोठं करणं म्हणजे काय ते सांगते, कारण मंडळातल्या विद्वानांना मी चारदा सांगून थकले. रेडिओच्या सेटमधून निघालेली लहर छोटी असते. ती मोठी करणाऱ्या यंत्राला अ‍ॅम्प्लिफायर म्हणतात. नवा घ्यायचा तर आमच्यासारख्यांनी नुसती चित्रं बघावीत. पण असे दांडगे अ‍ॅम्प्लिफायर इतर कामांतही असतात. एमआरआयच्या यंत्रात असतो, कारण एमआरआय माणसाच्या अंगावर रेडिओच्याच लहरी सोडतं. जगभरचे हौशी लोक मोडीतल्या यंत्रांमधून ते काढतात आणि आपल्या कामाला लावतात. आणि आमच्या कंपूत दवाखान्यांना काय तोटा?

तिथल्याच एका तपासणी केंद्रात जुनं एमआरआय काढून नवं बसवत होते. जुनं यंत्र त्यांनी मुळातच परदेशातून वापरलेलं आणलेलं. मागच्या अंगणात त्याचे तुकडे पडले होते. मीही गेले होते कुमुदबरोबर. ज्या यंत्रात आडवं होताना माणसं देवाचं नाव घेत होती, त्याच्या अंगावर गुटख्याच्या पिचकाऱ्या होत्या. कबाडीची दोन माणसं घणाने पत्रे फोडत होती. केंद्राचा मॅनेजर मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला, ‘मॅडम, सब कबाड़ है, देख के क्या करोगी?’ याच मॅनेजरच्या केंद्रात दारावर ‘मानव सेवा ही ईश्वर सेवा है’ असं सोनेरी अक्षरांत लिहिलेलं आहे.

एक माणूस छोट्या पट्टीवरचे पांढरे तुकडे हातोडीने फोडत होता, आतला सोन्याचा कण काढायला. कुमुदने सरळ त्याची हातोडी धरली.

‘भैया, इसको मत तोड़ो. इस सफ़ेद वाले की धूल फेफड़े में बैठ गई तो निकलती नहीं.’

तो हसला. ‘अम्मा, हम तो रोज़ तोड़ते हैं.’

‘छी,’ कुमुद म्हणाली. ते त्याला नव्हतं, मॅनेजरला होतं. मॅनेजरने तेव्हाही मान वर केली नाही.

कबाडीच्या दुकानातल्या दोन जळक्या मोटरी कुमुदने बांधून दिल्या आणि बदल्यात ते करडं कपाट घेतलं. कपाटाच्या आत सगळ्यात महत्त्वाची वस्तू होती मुठीएवढी एक नळी. तांबं आणि पांढरीशुभ्र चिनी माती यांची, आतून हवा काढून सीलबंद केलेली. लहर मोठी करण्याचं खरं काम ही नळी करते. ती आता बाजारात सहज मिळत नाही. दुसरी नव्हती, आणि मिळायची आशाही नव्हती.

आठ महिने कुमुदने त्या कपाटावर काम केलं. सकाळ-संध्याकाळ गिऱ्हाइकांच्या मोटरी, दुपारी हे. एमआरआयची लहर वेगळ्या मापाची, आमच्या बँडची वेगळ्या. त्यामुळे आतली वेटोळी सगळी नवी करायची होती. त्यासाठी तिने एसी दुरुस्त करणाऱ्याकडून तांब्याची नळी आणली आणि लाटण्याच्या जाडीच्या लाकडावर वळवली. तीन हजार व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर स्वतः बांधला. तेवढी वीज माणसाला दुसरी संधी देत नाही, म्हणून झाकण उघडलं की पुरवठा आपोआप तुटेल अशी कळ बसवली. शहरातल्या एका हौशी गृहस्थांनी सुचवलं, आता पूर्ण ताकदीने चालवा, कोण बघतंय? ती म्हणाली, ‘परवान्यात जेवढं लिहिलं आहे तेवढंच. एक वॉट जास्त नाही.’ ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत, बरंच झालं.

नळीबद्दल मात्र ती सोवळं पाळायची. हाच शब्द मी तिला चिडवायला वापरायचे. चिनी मातीला बोट लावायचं नाही, घामाचा डागसुद्धा वीज ओढतो. स्पिरिटने पुसायची, सुती हातमोजे घालून धरायची. आणि यंत्र बंद केलं तरी पंखा पाच मिनिटं चालूच ठेवायचा, कारण नळी भयंकर तापते, आणि तापलेल्या चिनी मातीला एकदम गारवा लागला तर तडा जातो. तडा गेला की हवा आत, आणि संपलं. हे तिने मला इतक्यांदा सांगितलं होतं की मी झोपेतसुद्धा म्हणून दाखवलं असतं.

दसऱ्याच्या पाच दिवस आधी यंत्र तयार झालं. त्या वर्षी दसरा नेमका मंगळवारी आला होता. कुमुद म्हणाली, ‘बस, त्याच सकाळी.’ मी तिला इतकी खूश कधी पाहिली नव्हती.

आणि नेमक्या त्याच वेळी जयसिंहरावांना यंत्राचा अभिमान वाटायला लागला. आठ महिने ‘वहिनीसाहेबांचं भंगार’ म्हणत होते. आता पाहुण्यांना घेऊन येऊन दाखवायला लागले, ‘आपल्या घरात बनलं आहे, समजले का? परदेशी आहे एकदम.’ आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. खंडेनवमीला धुमाळांकडे शस्त्रपूजा असते. दोन तलवारी, एक बंदूक, आणि हल्ली स्कूटर, मिक्सर, लॅपटॉप हेही पाटावर असतात. यंदा यंत्राचीही पूजा व्हायलाच पाहिजे, असं त्यांनी जाहीर केलं. कुमुद तयार झाली. झाकण बंद ठेवायचं, वरून काय ते फूल वाहा, एवढीच तिची अट.

नवमीला सकाळी तिने शेवटची चाचणी घ्यायला यंत्र परवान्यातल्या पूर्ण जोरात चालवलं. पूजा बाराला होती. पण गुरुजींना आणखी तीन घरं करायची होती, ते दहालाच दारात. कुमुदने घाईने यंत्र बंद केलं. पंखा सुरू ठेवून ती हात पुसतच होती, तेवढ्यात जयसिंहराव भाऊबंदांना घेऊन दुकानात आले. गुरुजींनी हळदीकुंकवाचं ताट काढलं. जयसिंहराव तिच्याकडे न बघता म्हणाले,

‘वहिनीसाहेब, तुम्ही जरा आत बसून घ्या. हळदीकुंकवाचं आहे ना.’

मी तिच्या शेजारी उभी होते. एका विधवेला तिच्याच दुकानात, तिने स्वतः घडवलेल्या यंत्रापुढून उठवलं. इतकी माणसं होती, शिकलेली, पेन्शन खाणारी, एकाला त्यात वावगं दिसलं नाही. अंगावर झुरळ चढावं तसं मला झालं. पण मी बोलले नाही. कुमुदने फक्त माझा दंड धरला आणि हळूच म्हणाली,

‘मंजिरी, तू आहेस ना इथे. झाकण उघडू द्यायचं नाही आणि पंखा बंद होऊ द्यायचा नाही. बस, इतकंच.’

‘मी आहे, तू जा,’ मी म्हटलं.

ती आत गेली. मधलं दार जयसिंहरावांनी ओढून घेतलं.

मंत्र सुरू झाले. यंत्राचा पंखा घरघरत होता. दोन मिनिटंही झाली नसतील, जयसिंहराव वैतागले. ‘अरे भाई, हा किती आवाज करून राहिलाय! गुरुजींचं काहीच ऐकू येत नाही आहे.’ त्यांनी भिंतीवरचं पंख्याचं बटण बंद केलं.

‘अहो, तो चालू राहू द्या,’ मी म्हटलं. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

‘मंजिरीताई, पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे.’

नेमका पाच मिनिटांचाच प्रश्न होता. मी हे म्हणायला हवं होतं. मी गप्प बसले.

मग गुरुजी प्रोक्षण करायला पुढे झाले. जयसिंहरावांनी त्यांना थांबवलं आणि चार बाजूंचे चार स्क्रू फिरवून झाकण उचललं. ‘डबा पुजायचा आहे का यंत्र पुजायचं आहे? तलवार काय म्यानात ठेवून पुजतात?’ सगळे हसले. काय हजरजबाबी माणूस आहे, असं एक काका म्हणालेसुद्धा. आत ती नळी पांढरी लखलखीत दिसत होती. गुरुजींनी दूर्वांनी पाणी शिंपडलं. टक् असा एक आवाज झाला, अगदी लहान. मला तो ऐकू आला. नंतर मी स्वतःला पुष्कळदा समजावलं की आला नव्हता. पण आला होता.

‘आता हळदीकुंकू,’ गुरुजी म्हणाले. जयसिंहराव माझ्याकडे वळले. ‘मंजिरीताई, तुम्ही लावा. तुम्ही सवाष्ण आहात, आणि तुम्हाला यातलं कळतंही.’

कळतं म्हणून मला मान दिला होता. बारा माणसं माझ्याकडे बघत होती, एकाने फोटोसाठी फोन वर धरला होता. मी ताम्हन हातात घेतलं, वाकले, आणि बोटाने त्या पांढऱ्या चिनी मातीवर हळद लावली, कुंकू लावलं. बोटाला चटका बसला. मग कोहळा कापला, प्रसाद वाटला. मी झाकण लावून घेतलं, पंखा पुन्हा सुरू केला. बैल गेला आणि झोपा केला.

मधलं दार उघडल्यावर कुमुदने विचारलं, ‘ठीक झालं ना सगळं?’

‘हो,’ मी म्हटलं.

रुमालाने कुंकू पुसून घेता आलं असतं. तिला खरं सांगता आलं असतं. वीस तास माझ्या हातात होते. घरी जाऊन मी पुरणपोळ्या केल्या आणि काही होणार नाही असं म्हणत राहिले. मला स्वतःचा तिरस्कार वाटतो तो कुंकू लावल्याबद्दल कमी, त्या वीस तासांबद्दल जास्त.

दसऱ्याला सव्वासातला मी तिच्याकडे पोचले. न जाणं जमलं नाही. कुमुदने धुतलेली साडी नेसली होती. यंत्र तापत ठेवलं होतं. साडेसातला स्पीकरमधून इंदुताईंची हाक आली, सावकाश, एकेक अक्षर सुटं. कुमुदने माझ्याकडे बघून हसून मोठ्या विजेची कळ दाबली.

धाडकन आवाज झाला. फ्यूज उडाला. दुकानभर जळका वास पसरला.

ती घाबरली नाही. वीज तोडली, प्लग काढला, थांबली, मग झाकण उघडलं. बॅटरी लावून आत पाहिलं, आणि बराच वेळ तशीच वाकून राहिली. मला दिसत होतं तिला काय दिसतंय ते. पांढऱ्या मातीवर कुंकवाचं बोट, आणि त्याच्या मधून केसासारखी बारीक लाल रेघ. तड्यात कुंकू उतरलं होतं.

‘झाकण कोणी उघडलं?’

‘जयसिंहरावांनी. पंखाही त्यांनीच बंद केला. गुरुजींनी पाणी...’

‘कुंकू?’

तिने माझ्या हाताकडे पाहिलं. तर्जनीच्या टोकाला चटक्याचा फोड होता.

इंदुताई अजून हाक मारतच होत्या. कुमुद जुन्या सेटपुढे जाऊन बसली आणि चाळीस वॉटवर उत्तर देऊ लागली. एकदा, दोनदा, सहादा. उत्तर देऊन थांबायची, आणि तिकडून पुन्हा तीच हाक. शेवटी इंदुताईंनी हाक थांबवली आणि मजकूर पाठवला. कुमुद लिहीत गेली, मी तिच्या खांद्यावरून वाचत गेले. ‘कुमुद, ऐकू येत नाही. तू असशील असं धरते. आज दसरा. सोनं घे. उद्या सेट देते. बोलून छान वाटलं इतकी वर्षं.’ मग निरोपाची खूण. मग नुसता किरकिराट.

कुमुदने पेन्सिल खाली ठेवली. डोळे पुसले नाहीत, कारण ते कोरडे होते. माझे वाहत होते, आणि त्याचीही मला चीड येत होती. मला रडायचा काय अधिकार?

थोड्या वेळाने जयसिंहराव आपट्याची पानं घेऊन आले. ‘सोनं घ्या, सोन्यासारखं राहा!’ उघडं यंत्र पाहून म्हणाले, ‘काय झालं?’ मी सांगितलं. त्यांनी नळीकडे वाकून बघितलं. ‘इतकंच ना? ऑनलाइन मागवून घ्या दुसरी. आणि देवाच्या पाण्याने कधी काही बिघडत नसतं, वहिनीसाहेब. कंपनीचा मालच कच्चा असेल.’

‘छी’ येईल असं मला वाटलं. आलं नाही. कुमुदने दोन्ही हात पुढे करून पानं घेतली आणि शांतपणे म्हणाली,

‘भाऊसाहेब, काल कुंकवाला माझा हात लागू नये म्हणून तुम्ही मला आत बसवलं. माझा हात तिथे असता तर आज माझं माणूस हातातून गेलं नसतं.’

‘असं मनावर घेऊ नका, सणाचा दिवस आहे,’ असं काहीतरी पुटपुटत जयसिंहराव वर निघून गेले. जिन्यात त्यांच्या फोनवर कालच्या फोटोला आलेल्या शाबासक्यांचे टिंग-टिंग आवाज ऐकू येत होते.

कुमुदने नळी हातमोज्यांशिवाय बाहेर काढली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि बाकाखाली ठेवली. मग मला म्हणाली,

‘गोवा एक्स्प्रेसचं बघ. आजचं मिळतं का, मिरजेपर्यंत. मिळेल त्या डब्याचं.’

‘पण त्यांनी येऊ नको म्हटलं होतं ना?’

‘हो. तिला नाहीच आवडणार. तिच्या हातावर बोटाने मोर्स टकटक करीन. रागावू दे, पण तिला कळेल तर की मी ऐकत होते. सगळं ऐकत होते.’

तिला मोबाइलवर तिकीट काढता येत नाही असं नाही, पण ती कामं सतरा वर्षं माझ्याकडे होती. मी फोन काढला. नाव, वय भरलं. मग तिच्याकडे न बघता म्हटलं, ‘दोन काढते. एवढा प्रवास तू एकटीने...’

‘एकच काढ.’

‘कुमुद, जयसिंहरावांनी—’

‘त्यांना माहीत नव्हतं,’ ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, रागापेक्षा वाईट काहीतरी होतं. ‘तुला माहीत होतं.’

मी एकच तिकीट काढलं.